पार्ट बदलण्याआधी वेव्ह बघा: गाडीच्या दुरुस्तीत ऑसिलोस्कोप, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिरपूरपासून रावेरपर्यंतचे ऑटो इलेक्ट्रिशियन, डिझेल मिस्त्री आणि आयटीआयची पोरं फोनवर जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. उत्तराचा काही भाग दुसरीकडे आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. भाऊ, मल्टीमीटर आहे ना हातात, मग ऑसिलोस्कोप कशाला?

मीटर सेकंदाला दोन-चार वेळाच आकडा बदलतो आणि दाखवतो ती सरासरी. स्कोपच्या पडद्यावर उभ्या दिशेला व्होल्टेज आणि आडव्या दिशेला वेळ असते, त्यामुळे सेकंदाच्या हजाराव्या भागात झालेली गडबडही दिसते.

थ्रॉटल सेन्सर घ्या. पाय सोडलेला असताना अर्धा व्होल्ट आणि पूर्ण दाबल्यावर साडेचार, असं साधारण माप असतं. आतली कार्बनची पट्टी एकाच जागी झिजली असेल तर त्या जागेवर दोन-तीन मिलिसेकंदांसाठी व्होल्टेज खाली पडतं आणि परत येतं. मीटरला त्याचा पत्ताही लागत नाही. गाडी मात्र दर वेळी त्याच वेगावर झटका देते, कारण पाय तिथेच स्थिर असतो. स्कोप लावा, पेडल सावकाश दाबा, पडद्यावर चढत्या रेषेत खाच दिसेल.

२. माझ्याकडे चांगला स्कॅनर आहे. कोड येतो, पार्ट बदलतो. स्कोपने वेगळं काय होणार?

स्कॅनर ईसीएमला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, काय वाटतं ते सांगतो. पी०३३५ आला म्हणजे क्रँक सेन्सरच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याचं फिरणं मोजणाऱ्या सेन्सरच्या) सर्किटमध्ये दोष आहे. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याच्या वायरी, दोन्हीकडचे कपलर, दात्यांची रिंग आणि ईसीएमचं इनपुट. यातलं काय गेलं हे कोड सांगत नाही. आपल्याकडे कोड वाचून थेट सेन्सर मागवायची सवय लागली आहे आणि त्याचा भुर्दंड गिऱ्हाइकाला बसतो. केळीच्या एका खेपेवर आठवड्याचं गणित बसवणाऱ्या माणसाला आपण अंदाजाने पार्ट विकत घ्यायला लावतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. स्कॅनर ठेवाच. तो गल्ली दाखवतो, घर स्कोपने शोधायचं.

३. नवीन घ्यायचाय. किती चॅनलचा, किती मेगाहर्ट्‌झचा?

दोन चॅनलपेक्षा कमी घेऊ नका. दोन सिग्नल एकाखाली एक ठेवून बघणं हेच यातलं निम्मं काम आहे. चार मिळाले तर उत्तम. गाडीच्या कामाला २० मेगाहर्ट्‌झ पुरेसे होतात. खिशात मावणारे एका चॅनलचे छोटे किट दोन-चारशे किलोहर्ट्‌झपर्यंतच जातात. त्यांवर क्रँक सेन्सर दिसतो, कॅनची वायर (गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती जोडी) नीट दिसत नाही.

स्कोपपेक्षा सोबतच्या वस्तूंवर जास्त लक्ष द्या: डीसी मोजणारा करंट क्लॅम्प, व्होल्टेज वीस पटींनी कमी करून स्कोपला देणारा २०:१ अ‍ॅटेन्युएटर, आणि कपलरच्या मागून घालायच्या बारीक पिना. घरगुती वायरमन वापरतात तो फक्त एसीचा क्लॅम्प इथे कामाचा नाही.

४. पडद्यावर नुसतं गवत दिसतं. सेटिंग कुठून सुरू करू?

तीन गोष्टी आहेत. एका उभ्या चौकटीला किती व्होल्ट, एका आडव्या चौकटीला किती वेळ, आणि ट्रिगर म्हणजे चित्र कुठल्या व्होल्टेजला थांबवायचं. सिग्नल पाच व्होल्टचा असेल तर चौकटीला एक व्होल्ट ठेवा. कपलिंग डीसीवर असू द्या, म्हणजे पूर्ण व्होल्टेज दिसतं; एसीवर फक्त त्यातला चढउतार दिसतो. अपवाद प्रश्न ९ मध्ये आहे.

वेळेसाठी थोडं तोंडी गणित करा. बऱ्याच गाड्यांच्या क्रँक रिंगवर ६० दात्यांची जागा असते आणि त्यातले २ दाते मुद्दाम गाळलेले असतात. ८०० आरपीएमला एक फेरा ७५ मिलिसेकंदांत होतो. चौकटीला २० मिलिसेकंद ठेवले तर दहा चौकटींत अडीचहून थोडे जास्त फेरे बसतात आणि गाळलेल्या दात्यांची मोकळी जागा दोन-तीनदा दिसते. आणखी एक सोय आहे. ६० जागांच्या रिंगवर सेकंदाला जितके दाते जातात, तितकाच आरपीएमचा आकडा असतो.

५. वायर सोलून टोचली तर चालेल का?

नको. सोललेल्या जागेतून पहिल्याच पावसात पाणी आत शिरतं आणि तांबं हिरवं पडायला लागतं. कपलर जोडलेला ठेवा आणि मागच्या रबरी सीलच्या कडेने पिन सरकवा, सील फाटू देऊ नका. कपलर काढून समोरच्या भोकात जाड पिन घातली तर टर्मिनल रुंदावतं आणि आपणच नवा दोष तयार करून देतो. काळा चिमटा शक्यतो बॅटरीच्या निगेटिव्हलाच लावा. रंग दिलेल्या बॉडीवर लावला तर पडद्यावर भलतेच काटे येतात.

६. लॅपटॉप चार्जिंगला लावून स्कोप वापरला तर काय होतं?

घरच्या सॉकेटवर चालणाऱ्या टेबलावरच्या स्कोपचा काळा चिमटा आतून प्लगच्या अर्थिंगला जोडलेला असतो. चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपवरच्या यूएसबी स्कोपचंही तसंच होऊ शकतं. बहुतेक साध्या स्कोपमध्ये सगळ्या चॅनलचे काळे चिमटेही आतून एकच असतात. त्यामुळे एक काळा चिमटा बॉडीला आणि दुसरा चुकून बारा व्होल्टला लागला, तर स्कोपमधूनच शॉर्ट होतो. वायर तापते, यूएसबी पोर्ट जातो, कधी लॅपटॉपही जातो. गाडीवर काम करताना लॅपटॉप बॅटरीवरच चालवा.

७. इंजेक्टर आणि कॉइलवर थेट प्रोब लावू का?

थांबा. हे नीट वाचा.

पेट्रोल गाडीच्या इंजेक्टरची वायर बारा व्होल्टची असली तरी बंद होताना ६० ते ८० व्होल्टचा झटका मारते. कॉइलच्या प्रायमरीवर हाच झटका ३०० ते ४०० व्होल्टचा असतो. इथे २०:१ अ‍ॅटेन्युएटर लावल्याशिवाय स्कोप जोडू नका. प्लगच्या वायरीला तर थेट प्रोब कधीच नाही. तिथे हजारो व्होल्ट असतात, त्यासाठी वायरीच्या बाहेरून चिकटणारा कपॅसिटिव्ह पिकअप मिळतो.

कॉमन रेल डिझेलमध्ये (एकाच दाबनळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल मिळतं त्या इंजिनात) ईसीएम इंजेक्टर उघडायला स्वतः व्होल्टेज वाढवतो, आणि पिझो इंजेक्टरला ते शंभर व्होल्टच्या पुढे जातं. चालू इंजिनवर हे कपलर काढू नका, लावूही नका. मी तर तिथे प्रोब लावतच नाही. इंजेक्टरच्या दोनपैकी एका वायरीभोवती करंट क्लॅम्प अडकवतो. चारही इंजेक्टरचा करंट सारखा दिसला की विजेच्या बाजूने काम झालं.

८. गाडी आली की पहिली टेस्ट कोणती करता?

बॅटरीवर स्कोप लावून सेल्फ मारायचा. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यातून जितकं कळतं तितकं दुसऱ्या कुठल्याच टेस्टमधून कळत नाही.

पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते. सेल्फ मारताच रेषा एकदम खाली जाते, कारण मोटर अजून फिरायला लागलेली नसते. मग ती सावरते आणि लाटा सुरू होतात. फिरताना रेषा ९.६ च्या खाली राहत असेल तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ जास्त ओढतोय.

आता त्या लाटा मोजा. प्रत्येक लाट म्हणजे एका सिलेंडरचं कंप्रेशन, कारण तिथे सेल्फला जोर लागतो. इंजिन सुरू होऊ द्यायचं नाही. इग्निशन बंद असतानाच इंजेक्टरचे कपलर काढा, बॅटरीच्या केबलवर मोठा करंट क्लॅम्प लावा आणि पाच सेकंद सेल्फ मारा. चार सिलेंडरच्या इंजिनात चार उंचवटे सारखे यायला हवेत. एक बुटका असेल तर त्या सिलेंडरचं कंप्रेशन कमी आहे. हेड न उघडता, प्लग न काढता हे कळतं. बुटका उंचवटा कितव्या सिलेंडरचा, हे ओळखायला दुसऱ्या चॅनलवर कॅम सेन्सर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा सेन्सर) घ्या.

एक अपवाद आहे. चारही सिलेंडर सारखेच झिजले असतील तर चारही उंचवटे सारखेच दिसतील. ही तुलना आहे, माप नाही. अशा वेळी कंप्रेशन गेज लावावाच लागतो.

९. डायनामो १४.२ व्होल्ट देतो, तरी बॅटरी उतरते. मीटर खोटं बोलतं का?

मीटर खरं बोलतं, पण सरासरी सांगतं. डायनामोच्या आत तीन फेजचा एसी तयार होतो आणि डायोड त्याचा डीसी करतात. एक डायोड गेला तरी सरासरी बरी दिसू शकते. हेडलाइट आणि ब्लोअर चालू करा, स्कोप डायनामोच्या मोठ्या टर्मिनलवर लावा आणि इथे मात्र एसी कपलिंग निवडा. बारीक, एकसारखे दाते दिसले तर ठीक. ठरावीक अंतराने खोल खड्डा येत असेल तर डायोड गेलाय. वरपासून खालपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला की मी डायनामो उतरवतो. गेलेला डायोड गाडी बंद असताना बॅटरी उलट्या दिशेने उतरवूही शकतो.

नव्या गाड्यांत ईसीएम स्वतः चार्जिंग कमी-जास्त करतो. तिथे कधी १२.८ दिसलं म्हणून डायनामो खराब ठरवू नका.

१०. उन्हात गाडी तापली की बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. सेन्सर बदलून झाला. आता काय?

हा प्रश्न मार्चपासून जूनपर्यंत रोज येतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त.

दोन वर्षांपूर्वी रावेरकडून केळी भरून निघालेली एक पिकअप माझ्याकडे टो करून आणली. वीस-पंचवीस किलोमीटर चालली की गप्प. लिंबाखाली उभी केली की सुरू. आधीच्या ठिकाणी क्रँक सेन्सर दोनदा आणि रिले एकदा बदलला होता. मालक मागून मोटारसायकलवर आला. "काय व्हयनं भाऊ, आते काय बदलनं?" एवढंच त्याने विचारलं. माल अर्धा पिवळा पडायला लागला होता.

मी काही बदललं नाही. पहिला चॅनल सेन्सरच्या कपलरमागे आणि दुसरा ईसीएमच्या कपलरमागे लावला, इंजिन तापू दिलं आणि सतत सरकणाऱ्या चित्राचं रेकॉर्डिंग सुरू ठेवलं. चाळिसाव्या मिनिटाला इंजिन बंद पडलं. लगेच सेल्फ मारला. पहिल्या चॅनलवर दात्यांच्या लाटा व्यवस्थित होत्या, दुसऱ्यावर सपाट रेषा. सेन्सर काम करत होता, सिग्नल वाटेत मरत होता.

मग हार्नेसवरून हात फिरवत गेलो. सायलेन्सरच्या बाजूच्या पट्टीखाली एका जागी टेप कडक आणि चकचकीत झाली होती. सोलली तर आत वायरीचं तांबं हिरव्या भुकटीसारखं झालेलं, दोन तार कशाबशा टेकलेल्या. थंड असताना टेकायच्या, तापून पसरल्या की सुटायच्या. वीत-सव्वा वीत वायर नवीन टाकली, सोल्डर केली, उष्णतेने आवळणारी नळी चढवली आणि हार्नेस पट्टीपासून लांब बांधला.

तुमच्या गाडीत दोन्ही चॅनलवर लाटा एकदमच लहान होत गेल्या तर मात्र सेन्सरच दोषी. त्याच्या आतली कॉइल तापल्यावर तुटते, थंड असताना ओहम बरोबर दाखवते. म्हणून थंड सेन्सरचे ओहम मोजून निकाल देऊ नका. क्रँकचा सिग्नल शेवटपर्यंत टिकला, तर प्रश्न १२ मधला पंप बघा.

११. क्रँक सेन्सर दोन वायरचा आणि तीन वायरचा, वेव्ह वेगळी असते का?

हो. दोन वायरचा बहुधा कॉइलचा असतो. त्याची लाट शून्याच्या वर-खाली जाते आणि वेग वाढला की उंचीही वाढते. तीन वायरचा बहुधा हॉलचा, म्हणजे आत चुंबक ओळखणारी चिप असलेला. त्याला ईसीएमकडून सप्लाय लागतो आणि वेव्ह चौकोनी असते. वेग वाढला तरी उंची तीच, फक्त चौकोन जवळ येतात. हॉलचा चौकोन खाली शून्याजवळ न जाता एक-दीड व्होल्टवर थांबत असेल तर आधी सेन्सरची अर्थिंग बघा.

एबीएसच्या नव्या चाक सेन्सरला दोनच वायरी असतात, पण तो कॉइलचा नसतो. तो करंट ७ आणि १४ मिलिअँपियर असा बदलतो. त्याला कॉइलचा समजून ओहम मोजू नका.

१२. पेट्रोल गाडी मिसिंग करते. प्लग, कॉइल, इंजेक्टर की पंप, कुठून सुरू करू?

कंप्रेशन आधी, म्हणजे प्रश्न ८. ते ठीक असेल तर प्रत्येक इंजेक्टरची वेव्ह घ्या, प्रश्न ७ मधली काळजी घेऊन. बारा व्होल्टची रेषा खाली येते, गरम इंजिन आयडलवर असताना दोन ते चार मिलिसेकंद खाली राहते, मग वर झटका मारते. उतरताना एक छोटा उंचवटा दिसतो, ती सुई बसल्याची खूण. एकाच इंजेक्टरचा झटका बाकीच्यांपेक्षा बुटका असेल तर त्याची कॉइल आतून शॉर्ट झाली आहे.

इग्निशन कॉइलवर झटक्यानंतरची ठिणगीची सपाट रेषा बघा. ती साधारण एक ते दोन मिलिसेकंद टिकते. झटका उंच आणि रेषा आखूड असेल तर प्लगचा गॅप वाढलाय किंवा प्लगची वायर तुटली आहे. प्लगवर बसणाऱ्या कॉइलमध्ये ड्रायव्हर आतच असला तर प्रायमरी बाहेर मिळत नाही, तिथे सप्लाय वायरीवर क्लॅम्प लावा. करंट तिरका चढायला हवा. भिंतीसारखा सरळ उभा चढला तर कॉइल शॉर्ट.

पंपाच्या वायरीवर क्लॅम्प लावला की कम्युटेटरच्या प्रत्येक पट्टीचा एक उंचवटा दिसतो. ठरावीक अंतराने एक उंचवटा बसका असेल तर पंप आज चालतोय, पण सुरत-नागपूर हायवेवर कुठेतरी थांबणार.

१३. टायमिंग चेन ताणली आहे का, हे कव्हर न उघडता कळतं का?

कळतं, पण तुलनेसाठी त्याच मॉडेलची, त्याच इंजिनची चांगली वेव्ह हवी. एका चॅनलवर क्रँक, दुसऱ्यावर कॅम. गाळलेल्या दात्यापासून कॅमची कड कितव्या दात्यावर येते ते मोजा. ६० जागांच्या रिंगवर एक दाता म्हणजे क्रँकचे ६ अंश. व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग असलेल्या इंजिनात कॅम मुद्दाम सरकतो, म्हणून तिथे फक्त आयडलची वेव्ह ताडून बघा.

१४. गाडी खळ्यात उभी होती, उंदरांनी वायरी खाल्ल्या. मीटर कन्सोलचे सगळे दिवे लागलेत. काय बघू?

कपाशीच्या दिवसांत हे फार होतं. सगळे दिवे एकदम लागले की कॅनची जोडी आधी बघा. बॅटरी काढून ओबीडी कपलरच्या (स्कॅनर लावतो त्या कपलरच्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. ६० आले तर जोडी सलग आहे. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर तुटलाय किंवा वायर वाटेत कापली गेली आहे.

बॅटरी लावून दोन चॅनल जोडा. दोन्ही वायरी शांत असताना अडीच व्होल्टवर असतात. संदेश जाताना एक साडेतीनपर्यंत चढते आणि दुसरी त्याच क्षणी दीडपर्यंत उतरते, आरशातल्या प्रतिमेसारखी. ५०० किलोबिटच्या कॅनवर एक बिट २ मायक्रोसेकंदांचा असतो, म्हणून चौकटीला १० मायक्रोसेकंद ठेवा. एक वायर शून्यावर किंवा बारावर चिकटली असेल तर शॉर्ट. मग एकेक मॉड्यूलचा कपलर काढत जा. ज्याच्या सुटण्याने वेव्ह परत येते, तिथे दोष.

ज्या गाड्यांत मध्ये गेटवे (ओबीडी आणि आतल्या कॅनच्या मधला वेगळा मॉड्यूल) असतो, त्यांत ओबीडीवर आतली कॅन दिसत नाही. तिथे आकडा ६० नाही आला म्हणून हार्नेस फाडू नका.

१५. जुन्या ट्रॅक्टरवर स्कोपचा काही उपयोग आहे का?

मेकॅनिकल पंपाच्या ट्रॅक्टरवर प्रश्न ८ आणि ९ एवढाच. पण तोही थोडा नाही. कंप्रेशनची तुलना ट्रॅक्टरवर फार सुंदर दिसते. ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून नवे उत्सर्जन नियम लागले आणि त्यांत कॉमन रेल आली. तिथे प्रश्न ७ लागू.

१६. ट्रक २४ व्होल्टचा आहे, वेगळं काय?

दोन बॅटऱ्या एकापुढे एक असतात, तेव्हा काळा चिमटा मधल्या जोडावर लावू नका. चार्जिंग २८ च्या आसपास हवं. सेल्फ मारताना दोन्ही बॅटऱ्यांवर वेगवेगळा चॅनल लावायचा मोह होईल. तो टाळा, कारण प्रश्न ६ मध्ये आहे. एकेक करून मोजा.

१७. वेव्ह एकदम छान दिसते पण आकडे पटत नाहीत. का?

आधी प्रोबवरचा १०:१ चा खटका आणि स्कोपमधलं सेटिंग जुळतं का ते बघा. दहापैकी सात वेळा तिथेच चूक असते.

दुसरं कारण फसवं आहे. सिनेमात बैलगाडीचं चाक कधी उलटं फिरताना दिसतं ना, तसंच इथे होतं. वेळेची चौकट फार मोठी ठेवली तर साधा स्कोप मधले दाते गाळतो आणि खोटीच, संथ वेव्ह काढून दाखवतो. वेळ दोन-तीन टप्प्यांनी कमी करून बघा. चित्राचा आकारच बदलला तर आधीचं खोटं होतं.

१८. सगळ्या वेव्ह बरोबर आहेत, तरी पिकअप नाही. स्कोप चुकतो का?

स्कोपला वीज दिसते. चोक झालेला सायलेन्सर, भेसळीचं डिझेल, फाटका टर्बो पाइप दिसत नाही. वीज बरोबर आहे हे कळलं म्हणजे अर्धी गाडी यादीतून गेली. आता एअर फिल्टरपासून हाताने आणि डोळ्यांनी तपासत जा.

१९. इलेक्ट्रिक गाडीवर लावू का?

बारा व्होल्टच्या बाजूला हो. नारिंगी वायरींना हात लावायचा नाही. तिथे शेकडो व्होल्ट डीसी असतो, त्याचं प्रशिक्षण आणि डिफरन्शियल प्रोब वेगळे लागतात.

२०. गिऱ्हाईक म्हणतं, नुसतं बघायचे पैसे कसले?

गाडी उघडण्याआधी तपासणीचा दर सांगा आणि पार्टचे पैसे त्यात मिसळू नका. मग गिऱ्हाइकाला पडद्यासमोर उभं करा. प्रश्न १० मधल्या मालकाला मी दोन्ही रेषा दाखवल्या, एक जिवंत आणि एक सपाट. शिकलेला नव्हता, पण बोट सपाट रेषेवर ठेवून त्याने विचारलं, "म्हणजे ते दोन सेन्सर चांगलेच होते?" दोन्ही जुने सेन्सर त्याच्या डिकीत होते. तिथेच लावून दोन्हींची वेव्ह घेतली, दोन्ही चांगले निघाले. एक गाडीत ठेवला, दुसरा त्याने फडक्यात गुंडाळून घरी नेला. त्या वेव्ह मी गाडीचं मॉडेल, इंजिन थंड की गरम, आणि आरपीएम लिहून ठेवल्या आहेत. त्याच मॉडेलची पुढची गाडी आली की तुलनेला त्याच उघडतो.